बँकेचं व्याज

फोन आत्याच्या हातात होता. भावाच्या मुलाचे बारशाचे फोटो ती एकेक करून पाहत होती, अंगठ्याने नव्हे तर तर्जनीने, कपाळाला कुंकू लावावं तशी हलकेच पडद्यावर टेकवून. नोव्हेंबरचा शेवट होता. खळं नुकतंच सारवलेलं, कडेला पेंढ्याची उडवी, आणि त्या दोन वासांत मिसळलेला कुळथाच्या पिठीचा वास. एवढ्यात फोन थरथरला आणि फोटोवर वरून एक पट्टी घसरत आली. आत्या सातवी शिकलेली. इंग्रजी वाचत नाही, पण आकडा कुठलाही वाचते. "साडेसातशे रुपये आले गो तुला," ती म्हणाली. "कसले?"

"बँकेचं व्याज," मी म्हटलं.

एवढंच झालं. पुढचा फोटो आला, बाळाच्या टोपीवरून बोलणं निघालं, पिठी उतू गेली. पण त्या रात्री माळ्याखालच्या खोलीत पडल्यावर मला झोप येईना. मी खोटं का बोलले? ते साडेसातशे इंडियन ऑइलचा अंतरिम लाभांश होता, म्हणजे डिव्हिडंड: कंपनी आपल्या नफ्यातून शेअरवाल्यांना देते तो वाटा, वर्ष संपायच्या आधीच दिलेला. शेअरमागे ५ रुपये, माझे दीडशे शेअर. चोरीचे नव्हते, लाचेचे नव्हते. आत्याला 'शेअर' म्हणजे काय हेही साधारण ठाऊक आहे, तिच्या धाकट्या दिराने १९९२ साली त्यात हात पोळून घेतले होते. 'शेअरचे पैसे आले' म्हटलं असतं तर 'जपून हो' म्हणाली असती. फार तर 'कुठल्या कंपनीचे?' असं विचारलं असतं. त्या दुसऱ्या प्रश्नालाच मी घाबरले होते. कारण आत्याची वाडी राजापूर तालुक्यात आहे, बारसूच्या सड्यापासून, त्या कातळाच्या पठारापासून, फार लांब नाही. आणि तिथे 'कंपनी' या शब्दाला गेली काही वर्षं एकच अर्थ आहे: रिफायनरीवाली.

आधी हे शेअर माझ्याकडे आले कसे ते सांगते, नाहीतर मी कोणी मोठी गुंतवणूकदार आहे असं वाटायचं. मी एका छापखान्याच्या ऑफिसात हिशेब लिहिते. २०२० साली ऑर्डरी बंद पडल्या, पगार पाऊण झाला, आणि वडिलांची एक मुदत ठेव नेमकी तेव्हाच पिकली. बँकेतला माणूस मास्कच्या आतून म्हणाला, आता व्याज पाच टक्क्यांच्या आसपास मिळेल. वडिलांनी आयुष्यभर नऊ, दहा, कधी बारा टक्के पाहिलेले. ते काचेपलीकडच्या त्या माणसाकडे असे बघत राहिले, जणू त्याने मापात मारलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायद्याचा भाव शून्याखाली, उणे ३७ डॉलरपर्यंत गेला होता. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या, अशी अवस्था. ऑफिसातला आमचा एक सहकारी डबा खाताना म्हणाला, "लोकांना वाटतंय तेल संपलं. गाड्या रस्त्यावर आल्या की बघा. आणि ह्या सरकारी तेल कंपन्या डिव्हिडंड देतातच. सरकारलाच पैसे हवे असतात, ते न देऊन सांगतात कुणाला?" युक्तिवाद मला पटला. सगळ्यात मोठा मालक कडका असेल तर घरात वाटप होणारच, हे कुठल्याही एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला कळतं.

दिवाळीच्या आधी मी साडेएकवीस हजार घातले. इंडियन ऑइलचे शंभर, ऐंशीच्या आतल्या भावाने. तेल काढणाऱ्या ओएनजीसीचे शंभर, सत्तरच्या आत. भारत पेट्रोलियमचे वीस, साडेतीनशेच्या आसपास. तेवढ्या पैशांत आईला फ्रिज घ्यायचा होता. फ्रिज आणखी दोन वर्षांनी आला, आणि तोवर जुन्या फ्रिजच्या प्रत्येक घरघरीला आई माझ्याकडे पाहायची.

पहिल्या वर्षी तर चंगळच झाली. भारत पेट्रोलियमचा लाभांश आधी १६ रुपये, मग ५, आणि २०२१ च्या सप्टेंबरच्या सुमाराला थेट ५८ रुपये शेअरमागे. साडेतीनशेला घेतलेल्या शेअरवर वर्षभरात ७९ रुपये! मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टक्केवारी दोनदा काढली. नंतर वाचलं तेव्हा कळलं, त्या ५८ मधले ३५ रुपये विशेष लाभांश होता. कंपनीने आसामातल्या नुमालीगड रिफायनरीतला आपला हिस्सा विकला होता आणि सरकार खुद्द भारत पेट्रोलियमच विकायला काढून बसलं होतं. म्हणजे घरातला पितळी हंडा मोडीत घालून आलेले पैसे होते ते. माझ्या वाट्याला हंड्याचा एक कण आला आणि मी त्याला 'उत्पन्न' म्हणत होते. कंपनीचा सौदा पुढे फिसकटला, २०२२ मध्ये सरकारने विक्रीचा विचारच सोडला. हंडा मात्र गेला तो गेला.

लाभांशाची एक गंमत असते, ती हातात पैसे पडल्यावरच समजते. ज्या दिवशी शेअर 'एक्स-डिव्हिडंड' होतो, म्हणजे त्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, त्या दिवशी बाजार उघडताच त्याचा भाव साधारण तेवढ्याने खाली सरकतो. तुमच्याच मालकीच्या वस्तूतून काढून तुमच्याच हातात दिलेलं असतं. हिशेबनीस म्हणून मला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. तरीही मेसेज आला की बरं वाटायचं. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहायच्या, त्यांना लहानपणी पाहिलेलं आठवतं. पोस्टमन लांबट पाकिटातून डिव्हिडंड वॉरंट, म्हणजे लाभांशाचा चेक, आणायचा. कधी अकरा रुपयांचं, कधी सव्वीस. त्या ते पाकीट पट्टीने सरळ रेषेत फाडायच्या, वॉरंट देवापुढे ठेवायच्या आणि मग छत्री घेऊन, साडी बदलून बँकेत जायच्या. रिक्षाला वॉरंटापेक्षा जास्त लागायचे. आम्ही पोरं हसायचो. आता मी माझ्या फोनवरचा तो मेसेज पुसत नाही. साडेपाचशेचा असो की साडेसातशेचा, तसाच राहू देते, ओटीपीच्या आणि वीजबिलांच्या गर्दीत.

बाईंचं कारण काय असेल ते मला उशिरा उमगलं. पगार आपण मागून घेतो, रजा कापली तर भांडतो. व्याज ठरलेलं असतं. लाभांश मात्र कोणीतरी बसून ठरवतं आणि आपली आठवण ठेवून पाठवतं, असा एक भास असतो. भासच. पण एकट्या राहणाऱ्या बाईला तो पुरत असावा.

चेंबूरमध्ये वाढलेल्या माणसाला तेल कंपन्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. माहूलच्या बाजूला १९५४ आणि ५५ साली दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, एक पुढे एस्सो झालेल्या कंपनीची आणि एक बर्मा शेलची. पुढे राष्ट्रीयीकरण झालं आणि त्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाल्या. आमच्या गच्चीवरून रात्री ज्योत दिसायची. उंच नळीच्या टोकाला पेटलेली, वाऱ्याने एका बाजूला कललेली. ती मोठी झाली की आकाश केशरी व्हायचं आणि आजी म्हणायची, आज कुणाचं तरी जास्त शिजतंय. वास यायचा तो वेगळाच, सडक्या अंड्याचा आणि गरम डांबराचा मिळून. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे, आम्हाला कळायचंही नाही. शाळेत 'चेंबूर म्हणजे गॅस चेंबर' हा विनोद इतक्यांदा ऐकला की पुढे मीच तो आधी करून टाकायचे. धाकट्या भावाचा दमा त्या हवेने की वडिलांकडून आला, हे आमच्या घरात कधीच ठरलं नाही. डॉक्टर दोन्ही म्हणायचे. आम्ही ते घर सोडून स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला गेलो तेव्हा त्याचा पंप निम्म्यावर आला. एवढी नोंद आहे, त्यापुढे मी काही म्हणत नाही.

त्याच चाळीत आमचे एक 'समुद्रावरचे काका' होते, ओएनजीसीत कामाला. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टरने बॉम्बे हायला जायचे. मुंबईच्या किनाऱ्यापासून एकशेसाठ किलोमीटर आत, जिथे १९७४ साली 'सागर सम्राट'ने भोक पाडलं आणि तेल लागलं. वडील सांगायचे, त्या बातमीने लोकांना असं वाटलं होतं की आता आपण अरबस्तान होणार. १९७६ पासून तेल निघायला लागलं. काका परतताना सफरचंदं आणि डब्यातला रस आणायचे, आणि घरी आल्यावर पहिले दोन दिवस मोठ्याने बोलायचे, कारण तिकडे यंत्रांच्या आवाजात कुजबूज चालत नसे. काकू त्यांना 'हळू बोला' म्हणायची आणि ते आणखी मोठ्याने 'काय?' म्हणायचे. २००५ च्या जुलैत २६ तारखेचा पाऊस पडून गेला, सगळी मुंबई चिखलात होती, आणि दुसऱ्या दिवशी बॉम्बे हायच्या एका प्लॅटफॉर्मला आग लागली. बावीस माणसं गेली. काकांची ती पाळी घरची होती. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, कोणाच्या तरी बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरवर बातमी आली. काका जिन्यात बसून राहिले, पाण्यात भिजलेल्या चपला हातात धरून. त्यांचा आवाज तेव्हापासून खाली गेला.

म्हणून ओएनजीसी घेताना मला उगाच वाटलं होतं की हे आपल्या माणसाचं आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि त्याच तेलक्षेत्रात कामावर असलेली पी-३०५ ही बार्ज, म्हणजे कामगारांचं तरंगतं वसतिगृह, बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. टीव्हीवर नौदलाची बोट, नारिंगी जॅकेट घातलेली, खारावलेल्या डोळ्यांची माणसं. दोन दिवसांनी मृतांचे आकडे वाढत गेले तेव्हा मी फोन उघडला आणि काय पाहिलं? भाव पाहिला. काकांना फोन करायच्या आधी भाव पाहिला. तो फारसा हलला नव्हता. मला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची किळस आली. पण आधी हायसं वाटलं होतं, हा क्रम बदलता येत नाही.

पेट्रोल पंपावरही हल्ली असंच होतं. माझी स्कूटर आहे. २०२२ च्या जुलैपासून पुढे दीड वर्षाहून जास्त काळ मुंबईत पेट्रोल १०६ रुपये ३१ पैसे होतं. आकडा पाठ झाला होता, पोरं नळी लावायच्या आधीच मी सुटे काढून ठेवायची. आधी भाव वाढला की मी सगळ्यांसारखी चिडायची. शेअर घेतल्यावर चिडण्यात मन लागेना. २०२२ मध्ये युद्धाने कच्चं तेल भडकलं आणि पंपावरचे भाव गोठवलेले राहिले, तेव्हा एप्रिल ते जून या एका तिमाहीत तिन्ही सरकारी विक्रेत्या कंपन्यांना मिळून १८ हजार कोटींच्या वर तोटा झाला. गिऱ्हाईक म्हणून मला स्वस्त पडत होतं, मालक म्हणून लाभांश आटत होता. पुढच्या वर्षी उलटं. कच्चं तेल उतरलं, पंपावरचा भाव तसाच, आणि इंडियन ऑइलने २०२३-२४ मध्ये ३९ हजार कोटींच्या वर नफा कमावला. त्या नफ्यात माझ्या स्कूटरचे पैसे आहेत, ऑफिसच्या टेम्पोच्या डिझेलचे आहेत, आत्याच्या वाडीपर्यंत येणाऱ्या एसटीचे आहेत. आत्याच्या खळ्यात आलेल्या साडेसातशेत फार तर सात लिटर पेट्रोल बसलं असतं. माझेच पैसे फिरून आले होते, थोडे जास्त होऊन. ते जास्तीचे कुणाचे, हा हिशेब कुठल्याच खातेवहीत मांडता येत नाही.

आता सड्याकडे येते. टाळत होते.

नाणारला रिफायनरी होणार हे २०१७ साली जाहीर झालं. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करायची क्षमता, तीन सरकारी कंपन्यांची मिळून एक कंपनी: निम्मा वाटा इंडियन ऑइलचा, पाव पाव भारत आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचा. पुढे सौदीची अराम्को आणि अबूधाबीची तेल कंपनीही जोडली गेली. गावं उठली, मोर्चे निघाले, २०१९ च्या निवडणुकीआधी भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग तोच प्रकल्प बारसू-सोलगावकडे सरकला. २०२३ च्या एप्रिलमध्ये सड्यावर माती परीक्षणासाठी यंत्रं आली, पोलीस आले, बाया रस्त्यावर आडव्या झाल्या, अश्रुधूर सोडला गेला. हे सगळं मी चेंबूरच्या घरात पंख्याखाली बसून टीव्हीवर पाहिलं. एका दृश्यात मला आत्याच्या साडीसारखी साडी दिसली. फोन केला तर म्हणाली, "मी नव्हते. माझ्या गुडघ्यानं एवढं चालवत नाय. पण भाकऱ्या दिल्या."

इथे मला एक गोष्ट बोचते, ती शहरातल्या लोकांना आवडणार नाही आणि गावातल्यांनाही. आसामात लोक रिफायनरीसाठी रस्त्यावर उतरले होते. पन्नासच्या दशकात तिथलं कच्चं तेल बिहारात नेऊन शुद्ध करायचं ठरलं, तेव्हा 'आमचं तेल, आमची रिफायनरी' म्हणून आंदोलन झालं आणि १९६२ मध्ये गुवाहाटीची रिफायनरी मिळाली. नुमालीगड तर १९८५ च्या आसाम कराराच्या आश्वासनातून आली, तीच नुमालीगड जिच्या विक्रीचा कण माझ्या खात्यात पडला. त्यांच्याकडे तेल होतं आणि कारखाना हवा होता. आमच्या कोकणात तेल नाही, तेल बोटीने येणार, जाणार, आणि मधला धूर तेवढा राहणार, असं आत्याच्या वाडीचं म्हणणं. राजापूरच्या बाजारात मात्र मला एक दुकानदार भेटला, त्याचा मुलगा पुण्यात बारा तासांची ड्यूटी करतो. तो म्हणाला, आंब्यावर चार महिने भागतात, बाकीच्या आठांचं कोण बघणार? त्यालाही मला उत्तर देता आलं नाही. दोन्हीकडे मान डोलावणारी माणसं मला पूर्वी लबाड वाटायची.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या पुतण्याच्या गाडीवर बसून मी सड्यावर गेले. पावसात हिरवागार असणारा तो सडा आता पिवळ्या, कोरड्या गवताने भरलेला. मधून मधून काळा-तांबडा जांभा उघडा. त्या दगडात कोणीतरी, कोण जाणे किती हजार वर्षांपूर्वी, एक माणूस कोरला आहे. दोन्ही बाजूंना एकेक जनावर, वाघासारखं, आणि मधे हात पसरून उभा तो. कोकणातल्या अशा कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या प्राथमिक यादीत गेली आहेत, त्यात बारसूही आहे. पुतण्या चपला काढून त्या दगडावर बसला आणि बिडी पेटवली. वाऱ्याने काडी तीनदा विझली. मी त्याला म्हटलं, हा दोन जनावरांना आवरतोय की ती दोघं त्याला खाताहेत? तो म्हणाला, "म्हातारे सांगतात, खेळतायत."

रात्री आत्याच्या स्वयंपाकघरात लाल सिलिंडरवर भात शिजत होता. मी मुद्दामच विषय काढला, म्हटलं, आत्या, गॅस तर लागतोच ना गो आपल्याला. ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती झाकण उचलून भात दाबून बघत म्हणाली, "लागतो की. आधी रॉकेलसाठी मी रेशनच्या रांगेत उभी राहायची, निळं रॉकेल, हाताला वास चार दिवस. गॅस नको असं कोण म्हणतं? पण पंगत बसते तेवा उष्टी काढायला कुणीतरी लागतं ना, ते आमीच कशाला, एवढंच इचारतो." मग तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "तुमच्या चेंबूरचं तूच बघितलंस की." मी भावाच्या पंपाबद्दल बोलणार होते. बोलले नाही. खिशात फोन होता, त्यात तो मेसेज होता.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, विकून टाकू. निदान इंडियन ऑइलचे तरी. दीडशे शेअर, कारण मधे २०२२ मध्ये दोन शेअरमागे एक बोनस शेअर फुकट मिळून शंभराचे दीडशे झाले होते. भाव शंभराच्या वर होता. म्हणजे दुपटीहून जास्त झालेले पैसे, आणि मन मोकळं, दोन्ही एकदम. अॅप उघडलं, आकडा टाकला, आणि गाडी बोगद्यात शिरली. कोकण रेल्वेवर हे व्हायचंच. बाहेर आली तेव्हा रेंजची एक काडी होती, पिन विचारला, पुढचा बोगदा आला. रत्नागिरी सोडल्यावर तर करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा. त्या अंधारात काचेत माझाच चेहरा आणि हातात गोल फिरणारं ते चक्र. उजेडात आलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते, बाजार बंद. समोरच्या बाईने मला शेंगदाण्याचा लाडू दिला. दुसरा दिवस शनिवार. सोमवार असता तर विकले असते की नाही, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, जीएसटीची घाई होती. आठवड्याने भाव आणखी चार रुपयांनी वर होता, आणि मग विकायचं कोणाच्या जिवावर येत नाही?

खरं सांगायचं तर मी विकले असते तरी सड्यावर गवताचं एक पातं हललं नसतं. कंपनीचे एकूण शेअर १,४१२ कोटी आहेत. माझे दीडशे. निम्म्याहून जास्त सरकारचे. त्या ५ रुपयांच्या एका लाभांशात सरकारला साडेतीन हजार कोटींच्या वर मिळाले असतील आणि मला साडेसातशे. शेअर खरेदी करणारा दुसरा कोणी माझ्यासारखाच छापखान्यातला हिशेबनीस असता, एवढाच फरक. हा युक्तिवाद मी स्वतःला पुष्कळदा ऐकवला आहे. तो बरोबर आहे. बरोबर असूनही तो जेवताना खड्यासारखा लागतो.

पुढच्या ऑगस्टमध्ये सर्वसाधारण सभेचं ईमेल आलं. मी पहिल्यांदाच मतदान करायचं ठरवलं. ओटीपी आला, माझ्या नावापुढे दीडशे मतं दिसली. मला क्षणभर ग्रामसभेला उभी राहिल्यासारखं वाटलं. ठराव वाचत गेले. हिशेब मंजूर करणे. लाभांश मंजूर करणे. संचालकांची नेमणूक. कॉस्ट ऑडिटरच्या मानधनाला मान्यता. हे शेवटचं तर मला अगदी घरचं वाटलं, त्याला मी मनापासून 'होय' दिलं. मला जे नाव शोधायचं होतं ते त्या यादीत कुठे दिसलं नाही. लाभांशाच्या ठरावावर बोट थांबलं. शेअरमागे ७ रुपये. तिथेही मी 'होय' दाबलं.

त्या वर्षाचा हिशेब मी काढून ठेवला आहे: तिन्ही कंपन्यांचे मिळून ३,८६५ रुपये. साडेएकवीस हजारांवर जवळजवळ अठरा टक्के. हे दर वर्षी होत नसतं. आदल्या वर्षी इंडियन ऑइलने शेअरमागे तीनच रुपये दिले होते, भारत पेट्रोलियमने चार. वर कर भरायचा तो वेगळा. पण आकडा कागदावर लिहिला की डोळ्यांना छान दिसतो. मी तो वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "मुद्दल सुखरूप आहे ना?"

मधल्या मे महिन्यात आत्याकडे गेले होते तेव्हाची एक गोष्ट राहिली. निघताना तिने मला देवघरात बोलावलं. दुधाच्या पिशवीत, रबर लावून, दहा हजार रुपये. काजूची बी विकून आलेले. नोटांना काजूच्या चिकाचा उग्र वास. "हे तुझ्या त्या बँकेत ठेव," ती म्हणाली. "इथल्या सोसायटीत काय मिळत नाय. तुला तेवा घरबसल्या साडेसातशे आले ना, तसलं." मी म्हटलं, अगो, असू दे ना इथेच. ती म्हणाली, "गुडघ्याचं आपरेशन करायचं हाय, वाढू देत की." मग मी काय सांगणार होते? पिशवी पर्समध्ये टाकली. शेअर घ्यावेत तर तिला न सांगता तिचेच पैसे तिच्याच विरोधातल्या कंपनीत घालायचे. बँकेत ठेवावेत तर साडेसातशे कुठून आणायचे? शेवटी ते माझ्या कपाटात साड्यांखाली पडून राहिले. दार उघडलं की वास यायचा.

श्रावणात १,०५० रुपयांचा मेसेज आला. गणपतीला मी वाडीवर गेले. पहिल्या दिवशीची गडबड ओसरल्यावर पडवीत बसलो होतो, आत्या केळीच्या पानांचे देठ काढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं व्याज किती झालं गो?" मी तयारीत आले होते. सात टक्क्यांनी चार महिन्यांचे साधारण दोनशे तीस होतात. ते तसेच पाकिटात घालून आणले होते, सुटे तीस वेगळे. तिने मोजले. परत मोजले.

"तुला तेवा साडेसातशे आले होते."

"माझी मुद्दल जास्त आहे, आत्या."

तिने नोटा कनवटीला खोचल्या, पानं हातावर रचली आणि थोडा वेळ अंगणातल्या मांडवाकडे बघत बसली. "कुठली म्हणालीस गो ती बँक?"

मी आमच्या नाक्यावरच्या बँकेचं नाव सांगितलं, जिथे माझं खरोखरच खातं आहे. आत्या "हां" म्हणाली. त्या "हां"चा काय अर्थ घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही. एवढ्यात आतून वहिनीने हाक मारली, मोदकांचं दुसरं उकडण लावलंय आणि गॅस संपला. भरलेला सिलिंडर पडवीच्या कोपऱ्यात होता. घरात त्या वेळी पुरुष माणूस कोणी नव्हतं, म्हणून मीच पदर खोचून उठले. तो लाल सिलिंडर बुडाच्या कडेवर कलता धरून, गोल गोल फिरवत आत न्यायला लागले.

"सावकाश गो," आत्या मागून म्हणाली. "फरशी नवी हाय."